त्रेसष्ट अणू आणि एक रिकामी जागा

माझ्या पीएचडीची पहिली दीड वर्षं एका अणूच्या नसण्यात गेली. सिलिकॉनच्या स्फटिकातून एक अणू काढायचा आणि उरलेल्यांचं काय होतं ते कॉम्प्युटरवर बघायचं, एवढंच काम. अशा रिकाम्या जागेला व्हेकन्सी म्हणतात. चिप बनवताना सिलिकॉनमध्ये आर्सेनिक, अँटिमनी असे परके अणू घालतात, ते आत कसे सरकतात यात या रिकाम्या जागांचा मोठा हात असतो. "सोपा प्रश्न आहे, सहा महिन्यांत पेपर होईल," असं सर म्हणाले होते. साल होतं १९९६.

कागदावर प्रश्न खरंच सोपा दिसतो. सिलिकॉनची घनाकार पेटी आठ अणूंची. ती तिन्ही दिशांना दोन-दोनदा मांडली की ६४ अणू होतात. त्यातला एक काढला, राहिले ६३. प्रत्येकाचे बाहेरचे चार धरले तर २५२ इलेक्ट्रॉन. या २५२ जणांचं क्वांटम समीकरण जसंच्या तसं सोडवायला गेलं तर ७५६ चलांचं फलन समोर येतं, आणि ते साठवायलाच जगातली सगळी मेमरी अपुरी पडेल. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवलं की सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीसाठी या भानगडीत पडायची गरज नाही. कुठे किती दाट इलेक्ट्रॉन आहेत एवढं कळलं तरी पुरतं, आणि ही घनता म्हणजे फक्त तीन चलांचं फलन. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ती घनता काढायची समीकरणं दिली. हीच डेन्सिटी फंक्शनल थिअरी, आमच्या तोंडी डीएफटी. तिच्यातला एक तुकडा मात्र नेमका कसा लिहायचा हे आजही कोणाला ठाऊक नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत फिरतात, त्या चुकवाचुकवीची ही ऊर्जा. तिथे अंदाजाचं सूत्र वापरतात. माझी सगळी नोकरी त्या अंदाजावर झाली. १९९८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, तेव्हा "आपला माणूस रसायनवाल्यांनी पळवला" असं आमच्याकडे बरेच दिवस चाललं होतं.

तीन जणांत मिळून आमचं एकच वर्कस्टेशन होतं. रात्रीची पाळी माझी. इनपुट फाइलमध्ये ६३ ओळी, प्रत्येक ओळीत एका अणूचे तीन आकडे. रन सुरू केला की टेल कमांड लावून आउटपुट फाइलची शेपटी बघत बसायचं. इटरेशनचा क्रमांक, एकूण ऊर्जा, आधीच्या फेरीपेक्षा फरक किती. फरक दशांश चिन्हानंतर दुसऱ्या घरात असायचा, मग तिसऱ्या, मग चौथ्या. पाचव्या घरात गेला की जरा हायसं वाटायचं. तेवढ्यात तो परत दुसऱ्या घरात उडी मारायचा. याला आम्ही "चार्ज हिंदकळतोय" म्हणायचो. कडेपर्यंत भरलेली बादली उचलावी तसा इलेक्ट्रॉनांचा ढग पेटीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे डुचमळत राहतो. मग मिक्सिंगचा आकडा कमी करायचा, म्हणजे प्रत्येक फेरीत नव्या घनतेचा अंश थोडासाच मिसळायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

अखेर उत्तर आलं. रिकाम्या जागेभोवतीचे चारही शेजारी सारख्याच अंतराने सरकले होते, अगदी देखणी सममिती. मी ग्रुप मीटिंगमध्ये ट्रान्स्परन्सी लावून दाखवलं. सर खूश. मागच्या बाकावर एक ज्येष्ठ प्रयोगवाले पाहुणे बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "चारही सारखेच सरकले? वॉटकिन्सना तसं दिसलं नव्हतं."

वॉटकिन्स कोण हे मला माहीत नव्हतं, हे इथे कबूल करते. लायब्ररीत जाऊन जुने खंड काढले. जॉर्ज वॉटकिन्स यांनी १९६० च्या दशकात सिलिकॉनमधल्या विद्युतभारित व्हेकन्सींवर इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात एकटे इलेक्ट्रॉन टिपण्याचे, प्रयोग केले होते. त्यातून दिसत होतं की शेजारचे चार अणू सारखे राहत नाहीत, दोन-दोनच्या जोड्या करतात. कारण समजायला कठीण नाही. मधला अणू गेला की चौघांचा एकेक बंध लोंबकळत राहतो. दोघं-दोघं जवळ आले तर ते लोंबते हात एकमेकांत गुंततात आणि ऊर्जा उतरते. यान आणि टेलर यांनी १९३७ मध्येच असल्या मोडतोडीचा नियम सांगून ठेवला होता. तो मी परीक्षेत लिहिलाही होता, चांगले मार्कही पडले होते.

मग कॉम्प्युटरला हे का सापडलं नाही? मी चारही अणू तंतोतंत सारख्या जागी ठेवून सुरुवात केली होती. सारख्या जागा, म्हणून सारखे बल, म्हणून सारखी हालचाल. दारात चार माणसं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभी राहावीत आणि कोणीच आत जाऊ नये, तसं. त्यात वेळ वाचवायला मी प्रोग्रॅममधली सममिती चालू ठेवली होती, म्हणजे एखाद्याला वेगळं व्हायची लहर आली असती तरी मी त्याला होऊ दिलं नसतं.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा निघाला. रँडम आकडे घेऊन प्रत्येक अणू पाच शतांश अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) कुठेतरी ढकलायचा, सममिती बंद करायची आणि रन सोडायचा. सिलिकॉनमध्ये शेजाऱ्यांमधलं अंतर २.३५ अँगस्ट्रॉम असतं, त्यापुढे हा धक्का म्हणजे काहीच नाही. रन कित्येक पट हळू झाला. तिसऱ्या रात्री ऊर्जेचा आकडा एका जागी आला, थांबला, आता संपलं असं वाटलं, आणि मग हळूहळू परत उतरायला लागला. सकाळी बघितलं तर जोड्या झाल्या होत्या.

आता पेपर लिहायचा, असं मला वाटलं. पण या पद्धतीत पेटी एकटी नसते, ती सगळ्या दिशांना अनंत वेळा गिरवलेली असते. आपण म्हणतो एक अणू काढला. प्रत्यक्षात दर १०.९ अँगस्ट्रॉमवर एकेक काढलेला असतो, आणि या रिकाम्या जागा एकमेकींना ओळखतात. के-पॉइंट, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या लहरी ज्या नमुन्याच्या बिंदूंवर मोजायच्या ते, बदलून बघितले तर चित्र पालटलं. एका निवडीला जोड्या, दुसरीला चौघं पुन्हा जवळपास सारखे. ऊर्जा तर माझ्या आवडीनुसार हलत होती म्हणा ना. पेटी मोठी करायला हवी होती, म्हणजे थेट २१६ अणू. डीएफटीचा खर्च अणूंच्या संख्येच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे ३८ पट, आणि आमच्या मशीनच्या मेमरीत तो रन मावतही नव्हता. मग दुसऱ्या संस्थेच्या मोठ्या मशीनवर वेळ मिळावा म्हणून अर्ज, मग प्रतीक्षा, मग मंजुरी, मग तिथला कंपायलर आमचा फोरट्रान मान्य करेना.

या धडपडीतच १९९८ मध्ये पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला. विषय हाच: सिलिकॉनमधली व्हेकन्सी, आणि पेटीचा आकार नि के-पॉइंट बदलले की उत्तर किती डळमळतं. वाचताना आधी पोटात खड्डा पडला. मग दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हसू आलं, कारण ज्या ज्या खड्ड्यात मी पडले होते ते सगळे त्यात नीट मोजून मांडलेले होते. सहा महिन्यांचा पेपर शेवटी थीसिसचं तिसरं प्रकरण झाला.

पोस्टडॉकची चार वर्षं दोन ठिकाणी गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पेपर भरपूर झाले आणि त्यातले निम्मे मी आज पुन्हा वाचणार नाही. मग शिकवण्याची कायमची नोकरी लागली. तोपर्यंत माझा स्वतःचा प्रोग्रॅम, काही हजार ओळींचा, कालबाह्य झाला होता. वास्प, क्वांटम एस्प्रेसो अशी तयार पॅकेजेस सगळीकडे रुळली. ती माझ्या कोडपेक्षा शंभर पटींनी चांगली आहेत, याबद्दल वाद नाही. पण स्वतः कोड लिहिलेल्या माणसाला एक खोड लागते. प्रोग्रॅमने एखादी गोष्ट गुपचूप गृहीत धरली असेल तर त्याला तिचा वास येतो. विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांना ती म्हातारपणाची बडबड वाटते, आणि थोडीफार ती आहेही.

नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षीची गोष्ट. माझ्या एका विद्यार्थ्याला निकेल ऑक्साइडवर काम दिलं होतं. तो बँड स्ट्रक्चरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जा मिळू शकतात त्या आलेखाचा, प्रिंट घेऊन आला. "मॅडम, कन्व्हर्ज झालं. मेटल आहे."

शेजारच्या खोलीत प्रयोग करणारे सहकारी होते. त्यांची आणि माझी जुनी नोकझोक. त्यांच्या मते आम्ही लोक बटण दाबतो आणि चहा पितो. मी त्यांना सहज म्हटलं, "अहो सर, आमच्याकडे निकेल ऑक्साइड मेटल आलंय." ते काही न बोलता उठले आणि काचेची एक छोटी बाटली आणून माझ्या टेबलावर ठेवली. आत फिकट हिरवी पूड. मग मल्टिमीटरच्या दोन तारा माझ्या विद्यार्थ्याच्या हातात दिल्या. "दाबून बनवलेली गोळी पण आहे. लाव तारा, बघ किती मेटल आहे ते."

मीटरचा काटा हलला नाही. खरं तर बाटलीचा रंगच पुरेसा होता. दृश्य प्रकाशाचा बराचसा भाग ज्यातून निसटतो तो पदार्थ धातू कसा असेल? निकेल ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे वीज वाहायला इलेक्ट्रॉनांना ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे; धातूत अशी दरी नसते. साध्या बँड थिअरीने असली ऑक्साइडं धातू ठरतात पण असतात विद्युतरोधक, हे कोडं डी बूर आणि व्हर्वे यांनी १९३७ मध्येच मांडलं होतं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने सत्तर वर्षांपूर्वीची अडचण नव्याने शोधून काढली होती. त्याच्या चेहऱ्यावरून त्यात त्याला काही समाधान दिसत नव्हतं.

इनपुट फाइल उघडली. स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचा वर किंवा खाली असा चुंबकीय कल, हिशेबात धरलेला होता. सुरुवातीचं चुंबकीय मोमेंट मात्र प्रत्येक अणूला शून्य दिलं होतं, किंवा दिलंच नव्हतं, आणि त्या प्रोग्रॅममध्ये दोन्हीचा अर्थ एकच. वरचे आणि खालचे स्पिन सारखे ठेवून सुरुवात केली की समीकरणं त्यांना सारखंच ठेवतात. फाइलकडे बघताना मला एकदम ते ६३ अणू आठवले. चूक तीच, फक्त या वेळी चौघांऐवजी स्पिन दारात ताटकळत होते.

आणि एवढंच नव्हतं. पेटीत एक निकेल आणि एक ऑक्सिजन होता. निकेल ऑक्साइड अँटिफेरोमॅग्नेटिक आहे: स्फटिकाच्या तिरप्या प्रतलांत एका प्रतलातले सगळे निकेल वर, पुढच्यातले सगळे खाली. शल, स्ट्राउझर आणि वोलन यांनी १९५१ मध्ये न्यूट्रॉनांनी ते बघितलं होतं. एका निकेलच्या पेटीत "एक वर, एक खाली" मांडणार कसं? जागाच नाही. पेटी दुप्पट केली, दोन निकेलना उलटसुलट मोमेंट दिलं, आणि गॅप उघडला. उघडला म्हणजे किती, एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही आत. उरलेली तूट त्या अंदाजी सूत्राची. तिच्यावर १९९१ पासून प्रचलित असलेला हबर्ड यू चा उतारा आहे: निकेलच्या डी कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांना एकाच अणूवर गर्दी करायचा दंड लावायचा. तो लावला की गॅप तीनच्या पलीकडे जातो. पण यू किती घ्यायचा हे ठरवताना अनेकांची नजर प्रयोगाच्या आकड्यावर असते, आणि मग पेपरात "प्रयोगाशी उत्तम जुळणी" असं लिहिलेलं असतं. रेफरी म्हणून मी ते वाक्य कितीदा खोडायला सांगितलंय याची गणती नाही. माझ्या स्वतःच्या दोन पेपरांत ते आहे.

ती हिरवी बाटली सहकाऱ्यांनी परत नेली नाही. पुढे त्यांनी तिच्याशेजारी एक काळ्या पुडीची बाटली आणून ठेवली. तेही निकेल ऑक्साइडच, पण त्यात थोडे निकेल कमी. रिकाम्या जागा! त्यावर आम्ही दोघांनी मिळून तीन वर्षं काम केलं. ते काम मला माझ्या सगळ्या कामांत जास्त आवडतं, का ते मात्र नीट सांगता येत नाही. बहुधा दर आठवड्याला कोणीतरी भिंतीपलीकडून येऊन "हे असं नाहीये" म्हणायचं म्हणून असेल.

छापून आलेली चूकही सांगून टाकते. एका ऑक्साइडचा आकार आम्ही पेटीसकट रिलॅक्स केला होता, म्हणजे ऊर्जा कमीत कमी होईपर्यंत बदलू दिला होता, आणि प्लेन वेव्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं वर्णन ज्यांच्या बेरजेने करतात त्या साध्या लहरी, जेमतेम तेवढ्याच घेतल्या होत्या. पेटी लहान-मोठी होते पण प्लेन वेव्ह सुरुवातीला मोजलेल्या तेवढ्याच राहतात, त्यामुळे खोटा दाब तयार होतो आणि पेटी गरजेपेक्षा आक्रसते. याला पुलाय स्ट्रेस म्हणतात आणि मी तो वर्गात शिकवते. तरी पेपर गेला, रेफरींनाही दिसला नाही. दोन वर्षांनी एक नवी विद्यार्थिनी सराव म्हणून तेच कॅल्क्युलेशन परत करत होती. ती आठवडाभर गप्प गप्प होती. मग एक दिवस दार अर्धवट उघडून म्हणाली, "मॅडम, माझंच काहीतरी चुकत असेल, पण तुमचा लॅटिस कॉन्स्टंट मला मिळत नाहीये." पेटीच्या बाजूची लांबी, म्हणजे लॅटिस कॉन्स्टंट, तिचीच बरोबर होती. पाच ओळींची दुरुस्ती छापली. त्या पाच ओळी लिहायला मला एक महिना लागला.

लोकांना वाटतं की वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळी उत्तरं देत असतील. माझ्या तरुणपणी देतही होते, आणि दोन ग्रुपांचे आकडे जुळले नाहीत तर "त्यांचं स्यूडोपोटेन्शिअल (अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायचं सोपं सूत्र) वाईट आहे" असं दोघंही म्हणायचे. २०१६ मध्ये बऱ्याच गटांनी एकत्र येऊन ७१ मूलद्रव्यांचे स्फटिक १५ प्रोग्रॅमांत घालून बघितले. आजचे प्रोग्रॅम एकमेकांशी इतके जुळले की फरक प्रयोगातल्या चुकीपेक्षाही कमी भरावा. मला त्याचा आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. पंधराच्या पंधरा जणांना तुम्ही शून्य मोमेंट दिलंत तर पंधराही जण एकमताने निकेल ऑक्साइड धातू आहे म्हणून सांगतील.

फोनॉनचं, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांचं, कॅल्क्युलेशन त्या मानाने प्रामाणिक. बेरियम टायटनेटचा घनाकार स्फटिक घ्या आणि कंपनं काढा, काहींची वारंवारता काल्पनिक येते. प्रोग्रॅम ती ऋण चिन्ह लावून छापतो आणि नवीन मुलं घाबरून धावत येतात. तो आकडा म्हणत असतो की अणू या दिशेला सरकवा, खाली उतार आहे. सरकवले की टायटॅनियम मध्यापासून ढळतो आणि ज्यासाठी तो पदार्थ प्रसिद्ध आहे ती फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे आपोआप विद्युत-ध्रुवता असलेली, रचना सापडते. प्रत्यक्षात सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तो घनाकार असतोच, पण आमचं गणित शून्य केल्व्हिनवरचं.

हल्ली ग्रुपमध्ये निम्मी मुलं मशीन लर्निंग पोटेन्शिअलवर, म्हणजे अणूंच्या जागांवरून ऊर्जा झटपट सांगायला शिकवलेल्या प्रोग्रॅमांवर, काम करतात. बेलर आणि पारिनेलो यांनी २००७ मध्ये न्यूरल नेटवर्कला डीएफटीच्या ऊर्जा शिकवून दाखवल्या, तिथून ही गाडी सुटली. मला ती आवडते. ६४ अणूंसाठी रात्री जागवलेल्या बाईला लाख अणू हलताना बघून आणखी काय वाटणार. मागच्या वर्षी एकाने असंच पोटेन्शिअल तयार केलं, चाचणीतली चूक नगण्य, आलेख सरळ रेषेवर. तापमान वाढवून सिम्युलेशन चालवलं तर काही वेळाने दोन अणू एकमेकांवर येऊन चिकटून बसले आणि ऊर्जा पाताळात गेली. शिकवायच्या माहितीत अणू इतके जवळ आलेले कधी नव्हतेच, त्यामुळे तिथे मागे ढकलायचं असतं हे त्या बिचाऱ्या नेटवर्कला कोणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही मुद्दाम अणू दामटून, विस्कटून, पेटी वाकवून रचना तयार करतो आणि त्या शिकवतो.

नव्या विद्यार्थ्याला पहिलं काम मी अजूनही तेच देते: सिलिकॉन, ६४ अणू, त्यातला एक काढ. आता ते तासाभरात होतं. अणूंना धक्का द्यायचा असतो हे मी सांगत नाही. बहुतेक जण आठवड्याने सममित उत्तर घेऊन येतात आणि मी वॉटकिन्सचा पेपर पुढे करते.

यंदाची मुलगी तसं घेऊन आली नाही. तिने पहिल्याच दिवशी दहा वेगवेगळे रँडम धक्के देऊन दहा रन सोडले होते. सात रनमध्ये नेहमीच्या जोड्या होत्या. तिघांत वेगळीच काहीतरी रचना, ऊर्जेत फरक अगदी किरकोळ. "मॅडम, यातली खरी कोणती?" मी दोन्ही स्क्रीनवर फिरवून फिरवून बघितल्या. के-पॉइंट वाढवून झाले, फंक्शनल, म्हणजे ते अंदाजाचं सूत्र, बदलून झालं. २१६ अणूंच्या पेटीत ती वेगळी रचना दहातून एकदा आली.

५११ अणूंचा रन सध्या क्यूमध्ये चौदावा आहे.